दोघांचा दरोडा होत नाही

मा. संपादक,

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात मथळा होता : ‘बंद फ्लॅटवर दरोडा, साडेतीन तोळे लंपास’. तो फ्लॅट आमच्याच वरच्या मजल्यावरचा. घरची मंडळी लग्नाला गावी गेली होती आणि सीसीटीव्हीत दिसणाऱ्या दोन पोरांनी कडी-कोयंडा उचकटून कपाट रिकामे केले. बातमी आल्यावर त्या घरच्या वहिनींचा फोन दिवसभर वाजत राहिला. ‘मारहाण नाही ना झाली? बांधून ठेवलं होतं का?’ नागपूरच्या नणंदेने तर बॅग भरली. घरात माणूसच नव्हते, बांधणार कुणाला?

त्याच बातमीत खाली ‘रॉबरीचा गुन्हा’ असेही छापले आहे. मी फौजदारी कोर्टात तीस वर्षे कारकुनी केली, त्यामुळे असे काही दिसले की डोळा आधी कलम शोधतो. थेफ्ट, बर्गलरी, रॉबरी, डकॉइटी हे इंग्रजी शब्द बातमीदार एकमेकांच्या जागी खुशाल वापरतात आणि मराठीत आणताना सरसकट दरोडा करून टाकतात. पोलीस ठाण्यातला अंमलदार मात्र रोज चोरी, घरफोडी, जबरी चोरी आणि दरोडा असे चार वेगळे शब्द लिहीत असतो.

संमतीशिवाय वस्तू लबाडीने उचलली की चोरी. त्यासाठी कुलूप तोडले, गज वाकवले, तर घरफोडी. चोरी करताना माणसाला मारले, अडवून धरले किंवा तिथल्या तिथे इजा करण्याची भीती घातली, तर ती जबरी चोरी, म्हणजे रॉबरी. आणि हीच जबरी चोरी पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली की दरोडा. १८६० च्या भारतीय दंड संहितेत हे कलम ३९१ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१० आहे. कलम बदलले, पाचाचा आकडा तोच राहिला. हातात पिस्तूल असो की लाखांची लूट असो, दोघांचा दरोडा होत नाही.

हा आकडा किती जड असतो ते मी पाहिले आहे. एका खटल्यात आरोपी बरोबर पाच होते, फिर्यादीत सहावा अनोळखी इसम नव्हता. पुराव्याअभावी दोघे सुटले आणि उरलेल्या तिघांवरचे दरोड्याचे कलमच गळाले. दरोड्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे आरोपींच्या वकिलाचा चेहरा त्या दिवशी पाहण्यासारखा होता. शिवाय दरोड्याची नुसती तयारी हाही न्याय संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे, जबरी चोरीच्या तयारीला तसे कलम नाही. म्हणून ‘दरोड्याच्या तयारीतील टोळी’च्या पंचनाम्यात मिरची पूड, दोरी, कटावणी यांच्याबरोबर माणसेही किमान पाच असावी लागतात.

बर्गलरी हा शब्द आपल्या संहितेत गुन्ह्याचे नाव म्हणून नाहीच. तो भेटतो विम्याच्या कागदावर आणि तिथे चांगलाच नडतो. जबरदस्तीने आत शिरून झालेली चोरी अशी पॉलिसीत व्याख्या असेल, तर साध्या चोरीचे पैसे मिळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तसा निकाल दिला आहे. वहिनींच्या दाराचा तुटलेला कोयंडा म्हणूनच मी जपून ठेवायला सांगितला.

आणि डकॉइटी हा शब्द तर इंग्रजांनी आपल्याच डाक्यावरून उचलला!

तुरुंगाच्या बातम्यांतही हाच गोंधळ. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. घरातले आजारपण, मृत्यू अशा कारणासाठी. फर्लो म्हणजे संचित रजा. ठरावीक शिक्षा भोगल्यावर मिळते, तसे कारण द्यावे लागत नाही. दोन्ही शब्द शिक्षा झालेल्या कैद्याचे, तरी बातमीत तो ‘जामिनावर बाहेर’ असतो.

दुरुस्ती छापणार असाल तर आणखी एक : गेले ते साडेतीन तोळे नव्हते, अडीच होते. नणंदबाई अजून हिशेब विचारत आहेत.

आपला,
एक निवृत्त कोर्ट कारकून, सांगली