मृगाआधी राजापूरला चला

ति. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

आम्ही परवा रात्री गावाहून सुखरूप परत आलो. फोन केलाच होता, पण बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला यावेळी बरंच सांगायचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आई, तू बाबांना वाचून दाखव. काही गाळू नकोस, गुडघ्याबद्दल लिहिलंय तेही नाही.

आधी अण्णाकाकांचं सांगते, कारण बाबांचे कान तिकडेच असतील. तब्येत तशी बरी आहे. काठी आली आहे हातात, पण पडवीतून अंगणात आणि अंगणातून विहिरीपर्यंत ते रोज सकाळी जातात. गाडी दारात थांबली तेव्हा बाकावरून उठून उभे राहिले. मी उतरले, मुलं उतरली, मग ते गाडीच्या मागच्या खिडकीत वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "बाळ नाही आला?" बाबा, तुमच्या पंचाहत्तरीनंतरही तुम्हाला बाळ म्हणणारं माणूस जगात एकच उरलंय. मी म्हटलं, येतील. ते काहीच बोलले नाहीत, काकूला फक्त म्हणाले, "हिला ताक दे." म्हणून हे पत्र. मला तुम्हा दोघांना पाऊस सुरू व्हायच्या आत गावी न्यायचंय, आणि कसं नेईन ते मी आता रस्ता नीट बघून आल्यावर सांगते आहे.

पुण्यातून आम्ही पहाटे पाचच्या आत निघालो. खंबाटकीचा घाट उन्हं वर यायच्या आत मागे पडला. साताऱ्याला अण्णांसाठी कंदी पेढे घेतले आणि ऊन चढायच्या आत कराडला मावशीच्या दारात. तुम्हाला नेताना मी याहून सावकाश चालवीन. दर तासाभराने थांबायचं, पाय मोकळे करायचे, मग पुढे. आई, तू प्रवासाच्या आदल्या दिवसापासून पाणी तोडतेस ते मला ठाऊक आहे, आणि का तोडतेस तेही. एसटीच्या दिवसांत बायकांची सोयच नसायची, ती सवय तुझ्या अंगात भिनली आहे. आता हायवेवर साताऱ्याच्या अलीकडे-पलीकडे स्वच्छ बाथरूम असलेली हॉटेलं आहेत, मी यावेळी स्वतः आत जाऊन बघितली. कमोड आहे, धरायला दांडी आहे. तेव्हा मे महिन्याच्या उन्हात तहानेनं बसायचं नाही. पाणी प्यायचं, चहाही प्यायचा.

कराडला मुक्काम. मावशीनं तुझी खोली झाडून ठेवलीय, असं ती म्हणते. खरं तर ती माडीखालची खोली, पण तिच्या लेखी ती तुझीच. संध्याकाळी ती आम्हाला प्रीतिसंगमावर घेऊन गेली. बाबा, यशवंतरावांच्या समाधीपाशी तुमच्या नावानं मी थोडा वेळ थांबले, तुम्ही असतात तर तिथेच बसला असतात. मुलांना संगम बघून नवल वाटलं. दोन नद्या एकीकडून येऊन मिळतात हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं, पण इथे कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येतात आणि मग एकत्र होऊन पूर्वेला वळतात. मावशी धाकट्याला सांगत होती, दोघी महाबळेश्वरला जन्मल्या, वेगवेगळ्या वाटांनी फिरल्या आणि इथे भेटल्या. सांगता सांगता थांबली आणि मला म्हणाली, "तुझ्या आईला आण गं एकदा." आई, तुम्ही दोघी बहिणी हल्ली लग्नाकार्यातच भेटता, तेही हॉलमधल्या खुर्च्यांवर, शंभर माणसांत. तिच्या ओट्यावर निवांत दोन रात्री बसून बोला. आम्ही कोणी मध्ये येणार नाही.

कराडहून पुढे मुंबई-गोवा हायवे लागतो तो थेट शेवटी, ओणीला. कोकरूडवरून मलकापूर आणि तिथून अणुस्कुरा घाट. बाबा, तुम्हीच सांगायचात ना की राजापूरच्या बंदरातला माल याच वाटेनं बैलांवरून वर कोल्हापूरकडे जायचा, आणि त्या पेठेसाठीच इंग्रजांनी राजापुरात वखार थाटली होती, जी १६६१ मध्ये महाराजांनी लुटली. ते सगळं मी मुलांना सांगितलं, पण तुमच्यासारखं नाही जमलं. थोरलीनं तीन प्रश्न विचारले, त्यातल्या दोनांची उत्तरं तुमच्यासाठी राखून ठेवलीत.

मलकापूर सोडलं की हॉटेलं विरळ होतात, म्हणून डबा मावशीकडूनच घ्यायचा. येळवण जुगाईच्या पुढे झाडी दाट होते आणि मग एकदम दरी उघडते. खाली सगळं कोकण. घाटाच्या तोंडाशी बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसल्या होत्या. वळणं आहेत, ते लपवत नाही. बाबांना घाटात मळमळतं, म्हणून बाबा पुढच्या सीटवर, खिडकी उघडी, तोंडात आलेपाक, आणि निघताना भरपेट नाश्ता नको. मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर हळूहळू उतरवीन. मागून कोणी हॉर्न वाजवला तर बाजूला घेऊन त्याला जाऊ देईन. घाट संपला की पाचल, मग ओणी, आणि तिथून राजापूर हाकेच्या अंतरावर. सकाळी सातला निघालेली माणसं जेवायच्या वेळेला आडिवऱ्याच्या रस्त्याला लागतात.

तो सडा, ते कातळाचं पठार, आता कसं दिसतं तुम्हाला आठवतंय ना? काळाभोर कातळ, गवत पार वाळलेलं, आणि मधूनच एखादं काजूचं झाड. धाकटा म्हणाला, इथे काहीच नाही. मग उतारावर पहिली कलमं दिसली, आणि तो गप्प झाला.

यंदा अण्णांकडे हापूस कमी आहे, पण आहे तो सुरेख. माजघरात अढी लावली आहे. काकू रोज दुपारी भाताचा पेंढा बाजूला सारून एकेक आंबा हातात घेते, दाबत नाही, नुसता तळव्यावर फिरवते, मग देठाशी नाक नेते. जो तयार तो टोपलीत, जो अजून दोन दिवसांचा तो परत पेंढ्यात, डेख खाली करून. आंबा काढताना डेख तुटलं तर चीक सालीवर उतरून डाग पडतो, म्हणून अण्णा अजूनही खाली उभे राहून गड्याला वर ओरडतात, "डेखासकट, डेखासकट!" दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला घरात आहे, देठ कापला जातो आणि आंबा जाळीत पडतो, तरी ओरडणं थांबलेलं नाही. थोरली तास न् तास काकूशेजारी बसायची. शेवटच्या दिवशी काकूनं तिला वास घेऊन तीन आंबे निवडायला सांगितले, तिन्ही बरोबर निघाले.

बाबा, विहिरीवरचा रायवळ मात्र यंदा लगडलाय. काकूनं कोयाडं केलं होतं. पहिल्या घासाला मला तुमचा चेहरा आठवला, तुम्ही डोळे मिटून कोय चोखता तो. अण्णांनी त्या झाडाचे आंबे कोणाला विकू दिलेले नाहीत. म्हणतात, "ते बाळाचे."

आई, आता गुडघा. घराच्या पायऱ्या तीनच, आणि चुलतभावानं यंदा बाजूला लोखंडी कठडा बसवलाय. संडास-बाथरूम घरातच आहे, कमोडचं. झोपायला ओटीवर कॉट. उन्हाळे गावच्या गरम झऱ्यावर जायला तुला आवडायचं, तिथे गाडी बरीच जवळ जाते. राजापूरची गंगा प्रकटली तर उत्तम, पण ती तिच्या मनाची आहे, तिच्यासाठी थांबून राहायला नको. गरम पाण्यात पाय सोडून बसलीस तरी तुला बरं वाटेल. कशेळीचा कनकादित्य आणि आडिवऱ्याची महाकाली घरापासून लांब नाहीत, सकाळी उन्हाआधी एकेक दर्शन करू.

घाई का करते ते सांगते. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो हे आपण धरून चालतो, पण २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच कोकणात उतरला, आणि पावसात अणुस्कुऱ्यात दरड येते, रस्ता बंद होतो. मग दिवाळीनंतर बघू असं तुम्ही म्हणाल. बाबा, दिवाळीनंतर बघू असं आपण बरीच वर्षं म्हणतोय. अण्णा आता संध्याकाळी लवकर झोपतात आणि कधी कधी एकच गोष्ट दोनदा सांगतात. माणसं ओळखतात, जुनं सगळं लख्ख आठवतं. तुमच्या दोघांच्या शाळेच्या वाटेवरचा व्हाळ, त्यात वाहून गेलेली तुमची पाटी, सगळं त्यांनी मुलांना सांगितलं. ते सांगताहेत तोवर तुम्ही समोर बसलेले असावेत एवढंच मला वाटतं.

खर्चाचं काढू नका. नाशिक ते पुणे एसटीनंच या, बाबांना ती फुकट नेते आणि आईला अर्ध्या तिकिटात, त्यामुळे तुमच्या मनालाही बरं वाटेल. दुपारची नको, पहाटेची पकडा आणि पुढची सीट मागून घ्या. पुण्याच्या स्टँडवर मी उभी असेन. इथे एक रात्र विश्रांती, मग कराड, मग गाव. मुलांना त्यांचे बाबा सांभाळतील, म्हणजे मागची सीट आईला पाय लांब करायला मोकळी. मी गाडीचं एसी आणि ब्रेक तपासून घेतलेत, टायर नवे टाकलेत.

बरोबर आणायचं ते एवढंच: बाबांच्या बीपीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, डॉक्टरांची चिठ्ठी, आईचा गुडघ्याचा पट्टा, आणि दोघांच्या मापाच्या सैल चपला. लोणच्याच्या बरण्या नकोत, मावशी आणि काकू दोघींकडे भरपूर आहेत. अण्णांसाठी काही न्यायचंच असेल तर नाशिकचा चिवडा आणा, त्यांनी स्वतःहून आठवण काढली.

डॉक्टरांना या सोमवारीच विचारून घ्या आणि त्यांनी हो म्हटलं की लगेच दादाकडून मला तारीख कळवा. मी रजा टाकून ठेवली आहे. काकूला अजून काही सांगितलेलं नाही, तुमचं नक्की झालं की बाबांनीच अण्णांना फोन करायचा. तिकडून ते मोठ्यानं बोलतात, तुम्हाला ऐकू येईल.

तुमची,
धाकटी