दाणे पाहून दारू ओळखू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या काडतूस-साहित्यात चिठ्ठी गळालेला, बंदुकीच्या धूरविरहित दारूचा डबा निघाला, की ‘दाणे बघून सांगतो कोणती आहे’ म्हणणारा कोणीतरी भेटतोच. त्याचे ऐकू नये. दाणा चपटा, गोल की नळीसारखा, एवढेच डोळ्यांना दिसते. जळण्याचा वेग दिसत नाही. बहुतेक दाण्यांवर ग्रॅफाइटचा करडा लेप असतो. दाण्यात नुसते नायट्रोसेल्युलोज (धूरविरहित दारूचा मुख्य स्फोटक घटक) आहे की जोडीला नायट्रोग्लिसरीनही, हेही नजरेला कळत नाही. जुन्या पद्धतीची, सोरा-गंधक-कोळशाची काळी दारू तेवढी वेगळी काढता येते: चिमूटभर पाण्यात टाकली की तिच्यातला सोरा विरघळून काळा गाळ उरतो, धूरविरहित दाणे मात्र तसेच राहतात. मूळ डबा आणि मूळ चिठ्ठी नसेल, तर ती दारू काडतुसात भरायची नाही.

चिठ्ठी शाबूत असली तरी दारू शाबूत असेलच असे नाही. नायट्रोसेल्युलोज आपोआप विघटित होत राहते आणि त्यातून सुटणारे नायट्रोजनचे ऑक्साइड उरलेल्या दारूलाही पोखरतात. ते टिपण्यासाठी साधारण एक टक्का डायफेनिलअमीन घातलेले असते. तेही झिजत जाते. अमेरिकी लष्करात हे प्रमाण ०.२ टक्क्यांखाली गेले की साठा बाद ठरतो. उष्णतेने ही झीज झपाट्याने वाढते, म्हणून माळ्यावर किंवा गाडीत ठेवलेला डबा वयाने लहान असूनही आधी बिघडतो. १९११ मध्ये तूलाँ बंदरात फ्रेंच युद्धनौका ‘लिबेर्ते’ अशाच बिघडलेल्या दारूने उडाली.

तपासताना झाकण उघड्यावर, चेहरा लांब ठेवून उघडावे आणि हाताने वारा घेऊन वास पाहावा. नाक डब्यात घालू नये. ईथर, अल्कोहोल किंवा अॅसिटोनसारखा वास ठीक. नाकाला झोंबणारा आंबट, आम्लाचा वास, दाण्यांत तांबूस-तपकिरी भुकटी, डब्याला आतून गंज, गुठळ्या: यांतले एकही दिसले तर दारू गेली. तांबूस धूर दिसला किंवा डबा कोमट लागला, तर तो हलवत बसू नये; लांब जाऊन पोलिसांना कळवावे. भरलेल्या काडतुसांत गोळीच्या बुडाला हिरवट थर किंवा पितळेला तडा हीच खूण.

तापवून पाहण्याच्या चाचण्या प्रयोगशाळेच्या आहेत. मिथाइल व्हायोलेट कागदाची चाचणी (तापलेल्या दारूच्या वाफांनी जांभळ्या कागदाचा रंग किती वेळात बदलतो हे पाहणारी) दारूच्या प्रकारानुसार १२० किंवा १३४.५ अंश सेल्सिअसला होते. ती स्वयंपाकघरात करायची नाही. वाईट दारू चांगलीत मिसळून ‘संपवणे’ तर सर्वांत वाईट: बिघाड पूर्ण साठ्यात उतरतो. अशी दारू गटारात वा कचऱ्यातही टाकू नये. स्फोटकांचा परवाना देणाऱ्या कार्यालयाला विचारूनच तिची विल्हेवाट लावावी.

आपला,
एक वाचक