उरलेले पैसे देऊ नका

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

कुंपणवाल्याला आता एक रुपयासुद्धा देऊ नका. ख्यालीखुशाली मागाहून लिहिते, आधी हे. काल आईच्या बोलण्यातून कळलं की तो परवा पुन्हा संध्याकाळी येऊन ओटीवर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "काका, उरलेले चाळीस देऊन टाका, मजूर माझ्या दारात बसलेत." बाबांनी त्याला "बँकेत जाऊन आलो की बघतो" असं सांगितलं. बाबा, तुमचं 'बघतो' म्हणजे पैसे दिल्यातच जमा. फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणता, मध्येच रेंज जाते आणि नेमकं सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहितेय. चष्मा लावून सावकाश वाचा. तो पुन्हा आला तर हा कागद त्याच्यासमोर ठेवा, माझी काही हरकत नाही.

आपण कुंपण कशासाठी घातलं ते आधी बोलू. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात फणस आडवा पडला आणि पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, बाजूचा दगडी गडगा त्याच्याखाली गेला. आजोबांच्या वेळची शेराच्या झुडपांची वईही त्यानंतर धड राहिली नाही. तेव्हापासून मोकाट गुरं आत, डुकरं आत. नवीन लावलेल्या कलमांची शेंडे खाल्लेली रांग मी दर सुट्टीला बघत आले. पण मला कलमांपेक्षा जास्त काळजी वाटते ती तुमची. बाबा, तुम्ही रात्री दीड-दोनला खडखड ऐकली की बॅटरी आणि काठी घेऊन परड्यात उतरता. पावसात त्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. आई उंबऱ्यात उभी राहून तुम्हाला हाका मारत असते. हे थांबावं म्हणून मी आणि दादाने पैसे घातले. त्यामुळे कुंपण 'दिसायला बरं झालंय ना' एवढ्यावर मला सोडून देता येत नाही. ज्या कामासाठी घातलं ते काम ते करत नाही.

गणपतीत आले तेव्हा विसर्जनानंतर मी सगळी हद्द चालून पाहिली होती. तुम्हाला वाटलं मी फोटो काढत फिरतेय. फोटो काढतच होते, पण मोजमापही घेत होते. सणासुदीला घरात वाद नको म्हणून तेव्हा सगळं बोलले नाही. आता बोलते.

त्याने एप्रिलमध्ये स्वतःच्या हाताने लिहून दिलेल्या कोटेशनचा कागद माझ्याकडे आहे. साधारण सहाशे फूट, फुटाला अडीचशे रुपये, मालासकट. 10 गेजची जाळी, दर दहा फुटांवर लोखंडी अँगलचा खांब, दीड फुटाचा खड्डा आणि त्यात काँक्रीट, कोपऱ्यांना टेकू, अँगलना रेड ऑक्साइड आणि वर दोन हात ऑइल पेंट, जाळीच्या खाली चिऱ्यांचा एक थर. दीड लाखातले एक लाख दहा हजार त्याला पोहोचले आहेत, तेही बहुतेक गुगल पेवरून, म्हणजे नाकारता येणार नाहीत.

आता जाळी. बाबा, मे महिन्यात तुम्ही मोठ्या आनंदाने मला फोनवर सांगितलं होतंत, "अगं, माणूस चांगला आहे, दहाच्या जागी चौदा नंबरची जाळी लावतोय, त्याच पैशात." तेव्हा मला गेजमधलं काही कळत नव्हतं. नंतर ह्यांच्या कंपनीतल्या एकाला विचारलं. तारेच्या गेजमध्ये आकडा वाढतो तशी तार बारीक होत जाते. 10 गेजची तार सव्वातीन मिलिमीटर जाड असते, 14 गेजची जेमतेम दोन. ऐकायला फरक सव्वा मिलिमीटरचा, पण तेवढ्याच जाळीत लोखंड निम्म्याहूनही कमी भरतं. जाळी किलोवर विकली जाते, म्हणजे त्याचा माल निम्म्याच्या आत आला आणि तुम्हाला वाटलं त्याने वाढवून दिलं. गणपतीत मी व्हर्नियर घेऊनच आले होते. चार ठिकाणी तार मोजली, सगळीकडे दोनच्या आसपास. बाबा, ह्यात तुमचं काही चुकलेलं नाही. गेजचा उलटा हिशोब ज्याचं त्याच्याशी रोज काम पडतं त्यालाच माहीत असतो, आणि त्याला तो माहीत होता म्हणूनच तो तुमच्यापाशी असं बोलला. मला सगळ्यात जास्त चीड ह्याचीच आली. माल कमी घालणारे खूप असतात. हा कमी घालून वर तुमच्याकडून शाबासकी घेऊन गेला.

खड्ड्यांचं आईला आठवत असेल. तूच मला सांगितलं होतंस की पोरं खड्ड्यात कातळाचे तुकडे आणि माती लोटतात आणि वर सिमेंटचा गिलावा थापतात. तुझं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. पऱ्याकडून तिसरा अँगल मी एका हाताने धरून हलवला तर तो बुडापासून हलला. बाजूची माती उकरली. वर दोन बोटं जाडीची सिमेंटची टिकली, तिच्याखाली तांबडी माती, त्यात दोन-तीन जांभ्याचे खडे आणि नऊ इंचांवर कातळ. काँक्रीट नावालाही नाही. जे वर थापलंय त्यालाही कोणी पाणी मारलं नाही. काँक्रीटला निदान सात दिवस पाणी द्यावं लागतं, आणि मे महिन्याच्या त्या उन्हात तो दुसऱ्याच दिवशी जाळी ताणायला आला होता. "खाली कातळ आहे, मी काय करू?" असं तो तुम्हाला म्हणाला. कातळ आहे हे त्याने जागा बघायला आला तेव्हाच पाहिलं होतं. "ब्रेकर लावावा लागेल, दर वाढेल" असं सांगून त्याने दोनशे वीसचे अडीचशे करून घेतले होते. ते तीस रुपये ब्रेकरचे होते. ब्रेकर काही आला नाही.

अँगलही दहा फुटांवर नाहीत. कुठे बारा, कुठे तेरा. मधे जाळीला पोट सुटलंय आणि पऱ्याच्या उतारावर ती जमिनीला टेकतच नाही. तिथे माझा हात कोपरापर्यंत आरपार गेला. डुक्कर नेमकं खालूनच घुसतं, म्हणून तर चिऱ्यांचा थर सांगितला होता. तो कुठेच नाही. रंगाचं तर विचारूच नका. गंजावरच सिल्व्हर मारलाय, बोट फिरवलं तर पापुद्रा निघतो. समुद्राचं खारं वारं लागणाऱ्या गावात हे लोखंड किती टिकेल ते तुम्हीच माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

आणि वरच्या वाडीची पायवाट. ह्याच्यावर बाबा स्वतःहून काही बोलले नाहीत, पण मला माहीत आहे की त्यांना हे मनातून लागलंय. माडांच्या कडेने जाणारी ती वाट आजोबांच्याही आधीपासूनची आहे. तिथे दोन कोपरे वळवायचे तर दोन जास्तीचे अँगल आणि टेकू लागले असते, म्हणून त्याने सरळ रेषेत जाळी ओढून वाट बंद केली. वरच्या आजी आता विहिरीवर यायला रस्त्याने वळसा घालतात आणि तरी आपल्याला एका शब्दाने बोलल्या नाहीत. हे मला पाहवत नाही. ते कायद्यालाही धरून नाही. वहिवाटीची वाट अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते आणि वाट मोकळी करायला लावता येते. पण आपल्यात आणि त्यांच्यात तहसीलदार यायची वेळ का यावी? ह्या कामाला कुंपणवाल्याची वाट बघू नका. आधी त्या जागेचा फोटो काढून मला पाठवा, मग कोणालातरी हाताशी घेऊन दोन अँगलमधली जाळी सोडा. तिथे आपण पूर्वीसारखं बेडं, म्हणजे लहान फाटक, लावू. आजींना मात्र बाबांनी स्वतः जाऊन सांगावं.

मजुरांचं तो म्हणतो ते अगदीच खोटं नसेल. ती पोरं कर्नाटकातून आलेली, आईच्या हातची भाकरी-ताक खाऊन दुपारभर पहार मारायची. त्यांचे पैसे अडकले असतील तर मला वाईटच वाटेल. पण त्याला एक लाख दहा हजार मिळाले आहेत, मजुरी त्यातून सहज भागते. तरीही तुमच्या जिवाला लागत असेल तर त्या पोरांना घरी बोलवा, थकलेली मजुरी त्यांच्या हातात द्या आणि वहीत सही घ्या. ती रक्कम आपण त्याच्या हिशोबातून वजा करू. त्यांच्या नावावर तो मागतो ते पैसे मात्र त्याच्या हातात द्यायचे नाहीत.

अजून एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. "डुकरं थांबत नसतील तर घरच्या लाईनवरून एक तार फिरवून करंट सोडून देतो" असं तो म्हणाल्याचं आईने ओझरतं सांगितलं. हे कदापि होऊ देऊ नका. त्याने वायरचं भेंडोळं आणलं तर त्याला परड्यात पाऊल टाकू देऊ नका. सौरकुंपण वेगळं. त्याला स्वतंत्र यंत्र असतं, ते साधारण सेकंदाला एकदा क्षणभराचा झटका देतं, जनावर दचकून मागे फिरतं. घरातला 230 व्होल्टचा करंट अखंड वाहत राहतो आणि चिकटलेल्याला सोडत नाही. अशा तारांना लागून माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यात शेतमालक स्वतः आणि घरचीच माणसं असतात. तो गुन्हाही आहे. पण गुन्ह्याचं बाजूला राहू दे, रात्री अंधारात परड्यात उतरणारे आपल्या घरात तुम्हीच आहात, बाबा.

माकडांचं त्याने जे कबूल केलं होतं ते मी मागतच नाही. जाळीने वांदर थांबत नाहीत, ते चढून येणारच. ते त्याने सांगायला नको होतं, एवढंच.

मी त्याला काल पत्र पाठवलंय, स्पीड पोस्टाने, कोटेशनची झेरॉक्स आणि फोटो जोडून. सगळे पैसे परत दे असं म्हटलेलं नाही. अँगल उपटून ब्रेकरने पूर्ण खोलीचे खड्डे घ्यायचे, काँक्रीट माझ्यासमोर ओतायचं, मधले अँगल वाढवायचे, खाली चिरे बसवायचे, रंग खरवडून पुन्हा करायचा. जाळी बदलून द्यायची नाहीतर दोन जाळ्यांच्या किमतीतला फरक सोडायचा. पायवाटेचे कोपरे वळवायचे. हे झालं की उरलेली रक्कम त्याच दिवशी मिळेल, मी स्वतः देईन. दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. पाऊस गेलाय, जमीन अजून ओली आहे, खणायला ह्याहून चांगले दिवस नाहीत.

नाहीच केलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. 'कोर्टकचेरी' म्हणून बाबा घाबरतील, म्हणून सांगते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात करता येते, ती ऑनलाइनही दाखल होते, वकील लावलाच पाहिजे असं नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, म्हणजे आपल्याकडे वेळ आहे. त्याआधी 1915 ह्या हेल्पलाइनवर नोंद करता येते, ती मी इथून करेन. तुम्हाला कुठे जावं लागलंच तर एखाद्या सहीपुरतं, आणि तेव्हा मी बरोबर असेन.

बाबा, तुम्हाला वाटतं की गावात राहायचं, उद्या त्याच्याशी तोंड पडायचं, चाळीस हजारांसाठी वाईटपणा कशाला घ्या. तुम्ही आयुष्यभर कोणाचे पैसे बुडवले नाहीत आणि आताही बुडवत नाही. केलेल्या कामाचे पैसे त्याला आधीच मिळालेत. तो आला तर चहा जरूर द्या. पैशांचं काढलं की एवढंच म्हणा, "व्यवहार लेकीकडे आहे, तिच्याशी बोला." तुम्हाला ते जड जात असेल तर आईला बोलू दे. आई, तू बोललीस की तो फार वेळ बसणार नाही.

कोऱ्या कागदावर किंवा 'काम समाधानकारक झाले' असं लिहिलेल्या कशावरही सही करू नका. सिमेंटच्या, चिऱ्यांच्या ज्या पावत्या बाबांनी शर्टाच्या खिशात ठेवल्या असतील त्या आई तुझ्या स्टीलच्या डब्यात ठेव, धुण्यात जायला नकोत. मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत कपाटातल्या सातबाऱ्याच्या पिशवीत आहे, तिचाही फोटो पाठवा.

आम्ही सगळे बरे आहोत. चिनूची सहामाही चालू आहे. पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या एसटीने मी एकटीच निघतेय, शनिवारी सकाळी पोचेन. बाबांच्या बीपीच्या गोळ्या दोन महिन्यांच्या घेतल्या आहेत, तिथे घेऊ नका. तोवर रात्री खडखड ऐकू आली तर ओटीवरचा दिवा लावा आणि आतूनच डबा वाजवा, परड्यात उतरू नका.

तुमची,
अनू