लालबागची जागा आणि न्यू जर्सीचा फॉर्म

न्यू जर्सी, 25 जानेवारी

ती. बाबा व ती. सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे मजेत आहोत. थंडी आहे, पण घरात हीटर आहे. आईने उगाच काळजी करू नये.

परवा फोनवर चिऊच्या फीसाठी मदतीचा अर्ज केल्याचं सांगितलं आणि बाबा नुसतं "बरं" म्हणाले, तेव्हाच कळलं की रागावलेत. म्हणून हे पत्र. आधी एवढं वाचा: आम्ही कंगाल झालेलो नाही. माझी नोकरी शाबूत आहे. सूनबाईचे कामाचे तास कमी केलेत, त्यामुळे तिचा पगार निम्म्यावर आला, इतकंच. चिऊच्या शाळेची फी वर्षाला 48 हजार डॉलर. दोन पगारांत कशीबशी निघायची, आता निघत नाही, म्हणून फीमध्ये मदत मिळावी असा अर्ज केला.

आई म्हणेल, तिकडे सरकारी शाळा फुकट असते ना? असते, आणि चांगलीही असते. चिऊ आधी तिथेच होती. पण तिच्या वाचनाचं तुम्हाला माहीतच आहे. या शाळेत वर्गात मुलं थोडी आणि बाई शेजारी बसून एकेक अक्षर फोडून घेतात. दिवाळीत तिने आईला फोनवर अख्खी गोष्ट वाचून दाखवली, ती उगाच नाही. आता तिला तिथून काढू कशी?

अर्ज एका वेगळ्या संस्थेच्या वेबसाइटवर भरायचा असतो. दोघांचे पगार, टॅक्स रिटर्न, घराचं कर्ज, बँकेतली शिल्लक, सगळं. त्यावरून या घराला किती फी झेपेल याचा अंदाज काढतात, आणि शाळा आपल्या फंडात किती आहे ते बघून ठरवते. मिळालेले पैसे फेडायचे नसतात, मात्र दरवर्षी नव्याने अर्ज. बाबा, मी रुपारेल कॉलेजला असताना ईबीसीच्या फी-सवलतीसाठी तुम्ही फोर्टला, जुन्या कस्टम हाऊसमध्ये, उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगेत उभे राहिला होतात. तेव्हा आपल्याला कोणी भिकारी म्हटलं होतं का?

जागेचं बोलायचं तर, चाळ पाडून मिळालेल्या जागेवर तुमच्याबरोबर माझंही नाव आहे, त्यामुळे ती दाखवणं भागच होतं. खाली सही करायची असते. पण लालबागचा आजचा भाव डॉलरमध्ये लिहिला आणि बसल्या जागी आम्ही श्रीमंत झालो! मग वेगळं पत्र जोडलं की तिथे माझे आईवडील राहतात, भाडं येत नाही, विकायचा प्रश्नच नाही. तुमच्या घराला कोणी हात लावत नाही, निर्धास्त राहा. तुम्हाला दरमहा पाठवतो ती रक्कमही खर्चात लिहिली. लिहिताना बोट जरा अडलं.

इथली एक तऱ्हा मात्र अजून माझ्या डोक्यात शिरत नाही. पूर्ण फी भरणाऱ्यांकडेही शाळा वर देणगी मागते, कारण म्हणे फीत खर्च भागत नाही. ठीक आहे. पण मदत घेणाऱ्यांकडेही मागते! पाच डॉलर द्या, पण द्या; कारण आमच्या सगळ्या पालकांनी दिलं, असं त्यांना मोठ्या देणगीदारांना सांगायचं असतं. त्यातून वर्षाकाठी एका रात्री लिलाव. शाळेच्या दारासमोर वर्षभर गाडी लावायची जागा गेल्या वेळी 1,900 डॉलरला गेली. मुलांच्या हातांचे ठसे उमटवलेली गोधडी त्याहून जास्तीला. एका हातात वाइनचा ग्लास, दुसऱ्या हातात नंबराची पट्टी, आणि हे बाप लोक एकमेकांवर चढत चाललेले. आपल्या मंडळात नारळाचा लिलाव होतो तसंच अगदी, फक्त बोली लावणारे टाय घालून. हाच पैसा मदतीच्या फंडात जातो. म्हणजे उद्या चिऊची फी भरणारा माझ्याच टेबलावर बसलेला असायचा, आणि त्याला पत्ता नसणार, कारण मदत कोणाला मिळते हे शाळा बाहेर सांगत नाही. इथे मित्रसुद्धा पगार विचारत नाहीत. आपल्याकडे जिन्यात विचारतात.

निकाल मार्चमध्ये.

आता छोटीच्या लग्नाचं. मुलाकडच्यांना हॉल दादरचाच हवा असेल तर घ्या, माझ्याकडे बघून मागे सरू नका. पाच लाखांचं बोललो होतो. त्यातले तीन लाख फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पाठवतो, उरलेले दोन लाख लग्नाआधी नक्की. त्यासाठी एफडी मोडू नका, आणि आईने पाटल्या मोडण्याचं मनातसुद्धा आणू नये. मुहूर्त मेमधला निघाला तर मी एकटाच येईन, कारण चिऊची शाळा जूनपर्यंत चालते. तिकिटांचा प्रश्न नाही. म्हणजे, थोडा आहे.

छोटीला अर्जाचं कळू देऊ नका, ती लगेच शालू स्वस्तातला बघायला लागेल. हॉलवाल्याला अ‍ॅडव्हान्स चेकने द्या, आणि पावतीवर तारीख घालून घ्या.

आपला,
बंड्या