ठाण्याच्या मुलांना ठाणे दाखवणारी एक जागा हवी : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : ठाणे शहरात कुटुंबांना पाहता येईल असे नगर वस्तुसंग्रहालय उभारण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यात कोणाकडे बाहेरगावचे पाहुणे आले आणि त्यांच्यासोबत शाळकरी मुले असली, की यांना न्यायचे कुठे हा प्रश्न घरात निघतोच. उत्तरे नाहीत असे नाही. तलावपाळीला होडीत बसवता येते, उपवनला संध्याकाळ घालवता येते, घोडबंदर रस्त्यावर ओवळेकर वाडीत फुलपाखरे पाहता येतात आणि पावसाळ्यात येऊरला जाता येते. पण हे शहर हजार वर्षांपूर्वी राजधानी होते, हे ज्या जागेत मुलाला प्रत्यक्ष वस्तूंमधून कळेल, अशी जागा यजमानाला सुचत नाही, कारण ती नाही. ती व्हावी, लहान असली तरी चालेल पण अस्सल असावी, एवढीच या पत्रातील मागणी आहे.

उत्तर कोकणच्या शिलाहार राजांची राजधानी श्रीस्थानक म्हणजे आजचे ठाणे. सन १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा सन १०१७ चा ताम्रपट सापडला आणि त्याचे भाषांतर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात छापले गेले. भारतीय पुराभिलेखांच्या अभ्यासाची सुरुवात ज्या मोजक्या लेखांनी झाली, त्यांत ठाण्याचा हा लेख आहे. मात्र ताम्रपट म्हणजे काय, पत्रे कडीत कसे ओवतात, कडीवर गरुडाची मुद्रा कशी उठवलेली असते, हे पाहण्याची सोय ठाण्यातल्या मुलाला ठाण्यात नाही. हे शिलाहार राजे आपल्या बिरुदावलीत स्वतःला ‘तगरपुराचे स्वामी’ म्हणवीत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. त्या तेरला आपल्याच पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे वस्तुसंग्रहालय आहे, पैठणला आहे, माहूरला आहे, साताऱ्याजवळच्या औंधसारख्या छोट्या गावात तर थक्क करणारा संग्रह आहे. या गावांना ते मिळाले याचा आनंदच वाटतो. पण राजे ज्या गावाचे नाव अभिमानाने मिरवीत, तिथे संग्रहालय आणि ज्या शहरातून त्यांनी राज्य केले तिथे काहीच नाही, ही विसंगती आपल्या खात्याच्या नजरेस आणून देणे आवश्यक वाटते.

पुढचा इतिहासही काही कमी नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी ठाण्यास पोहोचली, हे प्रत्येक ठाणेकर पाहुण्यांना सांगतो. त्या चौतीस किलोमीटरच्या मार्गाचे एक टोक २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दुसऱ्या टोकाला उतरणाऱ्या मुलाला मात्र रिक्षाच्या रांगेपलीकडे फारसे काही दिसत नाही.

खरे तर मासुंदा तलाव ते टेंभीनाका या चालत जाण्याच्या अंतरात जे आहे, ते पाहायला परगावच्या लोकांनी आवर्जून यावे. कोपिनेश्वराचे मंदिर, पोर्तुगीज काळाशी नाते सांगणारे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, पारशी अग्यारी आणि मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली या ज्यू समाजाने १८७९ मध्ये उभारलेले सिनेगॉग ही चारही प्रार्थनास्थळे इथे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. तिथून थोडे पुढे ठाण्याचा किल्ला आहे. पोर्तुगिजांनी तो बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. याच तुरुंगातून १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे निसटले आणि १९ एप्रिल १९१० रोजी याच तुरुंगात नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाच्या खटल्यात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी देण्यात आले. किल्ल्यात आजही मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे तो सर्वांसाठी खुला करा असा हट्ट धरता येणार नाही. पण जो किल्ला आत जाऊन पाहता येत नाही, त्याचे नकाशे, छायाचित्रे आणि त्या खटल्याची कागदपत्रे बाहेर एखाद्या दालनात मांडायला काय हरकत आहे?

मुंबई जवळ असताना ठाण्याला वेगळे संग्रहालय कशाला, असे कोणी म्हणेल. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय किंवा वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र ही उत्तम ठिकाणे आहेत, याबद्दल वाद नाही. मात्र नोकरदार कुटुंबाला मोकळा वार मिळतो तो रविवारचा आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉकही रविवारीच असतो. गुडघे दुखणारी आजी, कडेवरचे लेकरू आणि डब्यांची पिशवी घेऊन मुंबईला जायचे म्हणजे अर्धा दिवस प्रवासातच जातो, आणि एवढे करून तिथे ठाण्याची गोष्ट कळते असेही नाही. अशा कुटुंबाने शेवटी मॉलचा रस्ता धरला तर त्यात त्यांचा काय दोष?

आपल्या शहरांत सुशोभीकरणाला पैसा कमी पडत नाही, हेही इथे नमूद करावेसे वाटते. कारंजी, रंगीत दिवे, भिंतीवरची चित्रे आणि शहराच्या नावाची मोठमोठी प्रकाशमान अक्षरे जागोजागी उभी राहतात, लोक तिथे फोटो काढतात आणि पुढे जातात. फायबरच्या प्रतिकृतीसमोर मूल दोन मिनिटेही थांबत नाही. खऱ्या वस्तूसमोर ते थांबते आणि ‘हे खरंच त्यांचंच आहे का?’ असे विचारते. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आणलेली वाघनखे साताऱ्यात मांडली गेली, तेव्हा पोराबाळांसह लोक ती पाहायला गेले, हे आपणास सांगायला नकोच.

कमी जागेत चांगले काम कसे करता येते, याचे उदाहरण खाडीपलीकडे ऐरोलीलाच आहे. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून दर्जा २०१५ चा आणि महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतील समावेश २०२२ चा. तिथले वनखात्याचे सागरी जैवविविधता केंद्र अशा थाटाचे आहे की मूल आणि आजोबा दोघेही रमतात. आतल्या दालनात खाडीतल्या जिवांची ओळख होते आणि मग होडीतून प्रत्यक्ष खाडी पाहता येते. होडीची वेळ ऑफिसच्या घड्याळावर नव्हे, तर भरती-ओहोटीवर ठरते, आणि मला विचाराल तर केंद्रातला सर्वांत चांगला धडा तोच आहे. ओहोटीला तिवरांच्या मुळांशी चिखलात निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) उड्या मारताना दिसल्या, की शहरी मुलांना पहिल्यांदाच समजते की पुलावरून जाताना दिसणारी ती काळपट चिखलाची जमीन जिवंत आहे. अशाच प्रकारे माणसांची गोष्ट सांगणारे ठिकाण खाडीच्या अलीकडे, ठाण्यात हवे.

त्यात केवळ राजे आणि लढायाच असाव्यात असे मुळीच नाही. चेंदणी कोळीवाड्यातली जाळी आणि होडीचे सामान, मीठबंदराच्या नावात उरलेला मिठाचा व्यापार, आगरी कुटुंबांची मिठागरातली अवजारे, येऊरच्या पाड्यांवरची भांडी आणि वाद्ये, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांची हजेरीची कार्डे आणि पाळीचे भोंगे, हे सगळे ठाणेच आहे. ज्या जागेवर आज तीस मजली इमारती आहेत, तिथे आपल्या आजोबांनी यंत्रावर पाळ्या केल्या, हे त्याच इमारतीत राहणाऱ्या नातवाला ठाऊक नसते. या वस्तू अजून घरोघरी माळ्यावर आहेत, पण घरे पुनर्विकासाला जाताना पहिली रद्दी माळ्यावरचीच निघते, त्यामुळे उशीर परवडणारा नाही. लोक वस्तू देतील का, अशी शंका घेण्याचे कारण नाही. मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालवून दाखवणारे हे शहर आहे.

जागेसाठी नवी भव्य इमारत नको. कोर्टनाका ते मासुंदा तलाव या पट्ट्यातील एखादी जुनी सरकारी वास्तू दुरुस्त करून घेतली तरी पुरे, कारण स्थानकावरून चालत येता येणे महत्त्वाचे आहे. नावपट्ट्या मराठीत, ठळक अक्षरांत आणि दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असाव्यात. ताम्रपटाची एक प्रत तरी हात लावण्यासाठी ठेवावी. बसायला बाक, वापरण्याजोगे स्वच्छतागृह, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, पिण्याचे पाणी आणि तान्ह्या बाळाला घेऊन बसण्याचा कोपरा, या गोष्टी आराखड्यात शेवटी नव्हे, आरंभीच याव्यात. संग्रहालय रविवारी आणि सणाच्या सुट्ट्यांना उघडे व सोमवारी बंद असावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उद्घाटनाच्या आधी अभिरक्षकाचे (संग्रह सांभाळणाऱ्या क्युरेटरचे) पद मंजूर होऊन भरले जावे. फीत कापल्यावर कुलूप लागलेल्या वास्तू आपल्या राज्यात आधीच पुष्कळ आहेत.

यासाठी तूर्त मोठा निधी मागत नाही. आपल्या संचालनालयाने ठाणे महानगरपालिका व जिल्हा प्रशासनासोबत जागेची संयुक्त पाहणी करावी, ठाण्यात सापडलेल्या आणि आज अन्यत्र असलेल्या वस्तूंची यादी करून ती प्रसिद्ध करावी, नागरिकांकडील वस्तू नोंदवून घेण्यासाठी एक कक्ष सुरू करावा आणि अभिरक्षकाच्या पदाचा प्रस्ताव येत्या अर्थसंकल्पापूर्वी मांडावा, ही विनंती. पाहणीची तारीख कळवल्यास, आपापल्या माळ्यावरच्या वस्तूंची यादी घेऊन आम्ही काही ठाणेकर तिथे हजर राहू.

कळावे,
आपला विश्वासू,
एक ठाणेकर नागरिक
नौपाडा, ठाणे