पुळणीवर गाड्या घालू नका

महोदय,

निवृत्तीनंतर मी रोज सकाळी आंजर्ल्याच्या पुळणीवर फिरायला जातो. निघायची वेळ पंचांगावरून ठरते. आमच्याकडचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, म्हणजे ओहोटी नवाच्या सुमारास. (पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, शाळेतून कधीच गेली, समुद्राने मात्र सोडलेली नाही.)

गेली संकष्टी रविवारी आली. कड्यावरच्या गणपतीला ही गर्दी! दर्शन आटोपून काही मंडळी गाडीसकट थेट पुळणीवर उतरली. जोग नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी दीडेकशे कुरव बसले होते. गाडी थव्यात घातली, पक्षी उडाले, खिडकीतून मोबाइलवर चित्रण. जरा पुढे जाऊन बसले की गाडी पुन्हा त्यांच्या अंगावर. मी मोजलं, अकरा वेळा. शेवटी आडवा उभा राहिलो, तर आतून विचारणा झाली, "काका, पक्षी उडायलाच असतात ना?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, म्हणून हे पत्र. हे तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या सरोवरांवरून इथे हिवाळा काढायला येतात. सध्या नावापुरतेच तपकिरी. डोकं पांढरं, कानामागे एक काळा ठिपका. परतायचे दिवस जवळ आले की एकेकाचं डोकं कॉफीच्या रंगाचं होऊ लागतं. त्या वाटेसाठी अंगावर चरबी साठवायची ती इथेच, आणि ती अशा फुकटच्या उड्डाणांत जळते. चिखल्यांचं तर आणखी अवघड. मुठीएवढा पक्षी. चार पावलं धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. ओल्या वाळूत खेकड्यांनी साबुदाण्यासारख्या गोळ्या मांडलेल्या असतात, त्यांच्या आसपास ह्याचं जेवण. भरती चढली की ताट उचललं!

याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, एकेका घरट्यात शंभराच्या आसपास. कासवमित्रांच्या नजरेतून सुटलेल्या घरट्यावरून टायर गेलं तर काय उरणार? आणि काडेपेटीएवढं पिल्लू चाकोरीत पडलं, तर समुद्राकडे जायचं सोडून चाकोरीतूनच आडवं चालत राहतं, तोवर कावळे येतात.

किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींना माझी विनंती एवढीच, की पुळणीवर उतरणाऱ्या वाटांवर जांभ्याचे चार चिरे आडवे टाकावेत. माणसं चालत जातील. पर्यटक आमचे पाहुणेच आहेत. घरगुती खाणावळी त्यांच्यावर चालतात, माझ्या पुतण्याचीसुद्धा.

परवा पुन्हा गेलो. कुरव खाडीच्या पलीकडे बसले होते. चिखल्या दुर्बीण लावूनही दिसले नाहीत.

– एक निवृत्त शिक्षक, आंजर्ले (ता. दापोली)