हातची गाडी

रीडिंग, इंग्लंड
18 जून

चि. छोटी हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विचारलंस, "पॅरिसला जाऊन आलात आणि आयफेल टॉवरवर चढला नाहीत?" मी "सविस्तर लिहिते" म्हणून फोन ठेवला होता, तर हे घे सविस्तर. आईला मोठ्याने वाचून दाखव. भावोजींच्या घड्याळाचा भाग मात्र पटकन उरकून टाक. तिच्या लेखी जावई कधी चुकत नाही.

थोरल्याने आम्हा दोघांना चार दिवसांच्या क्रूझवर पाठवलं, हे तुला ठाऊक आहेच. साउदॅम्प्टनहून निघायचं, एक दिवस फ्रान्स, एक दिवस बेल्जियम आणि परत. माहितीपत्रकात फ्रान्सच्या दिवसापुढे ठळक अक्षरांत 'पॅरिस' छापलेलं. शेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत बंदराचं नाव होतं, ते मी बोटीवर चढल्यावर वाचलं. ल आव्र. लिहिताना त्यात 'ह' आहे, पण तिकडचे लोक तो गिळून टाकतात. आणि पॅरिस या बंदरापासून दोनशे किलोमीटर आत! समुद्राचा त्या शहराशी काही संबंध नाही. पुढे कळलं की क्रूझवाल्यांची ही रीतच आहे. लांबच्या नावाजलेल्या शहराचं नाव छापायचं आणि बोट लावायची समुद्रावर. बोट शहरात कशी जाणार, हे खरं, पण छापताना अक्षरं जरा मोठी घ्यायला काय हरकत होती?

आता तिथून पॅरिसला जायचे मार्ग दोन. एक म्हणजे बोटीचीच बस. अडीच-तीन तास जायला, तेवढेच यायला, आणि मधे खिडकीतून पॅरिस. दुसरा म्हणजे आपली आपण रेल्वे, सव्वादोन तासांच्या आत. सहलींच्या खिडकीवरच्या मुलीने मला नीट समजावलं. बोटीच्या बसला उशीर झाला तर बोट थांबते. तुमचे तुम्ही गेलात आणि उशीर झाला, तर बोट निघून जाते. मग पुढचं बंदर स्वतःच्या खर्चाने गाठायचं. मी तर तिथेच बसचे पैसे काढत होते. पण चौतीस वर्षं रेल्वेत गार्ड म्हणून काढलेल्या माणसाला 'रेल्वे आहे, पण आपण बसने जाऊ' हे सांगायचं कसं? हे म्हणाले, "बोट सातला सुटते. साडेसहाला आत. तिथून उलटं मोजत ये."

आणि रात्री जेवण झाल्यावर कागद घेऊन खरंच उलटं मोजत बसले. साडेसहा ही बोटीची वेळ. सहाला बंदराच्या फाटकात. स्टेशन बंदरापासून अडीच-तीन किलोमीटर, म्हणून साडेपाचला ल आव्रच्या स्टेशनात. या वेळेआधी पोचणारी शेवटची गाडी कोणती ते शोधलं आणि तिच्यावर काट मारली. मी विचारलं, "अहो, हीच तर बरोबर बसतेय." तर म्हणे, "ही हातची. हिच्या आधीची आपली." बेरजेत हातचा धरतात ना, तशी गाडी हातची धरायची! मी तीस वर्षं पोरांना हातचा शिकवला, पण नवऱ्याकडून शिकायची वेळ पहिल्यांदाच आली. मला फक्त एवढंच दिसलं की पॅरिसमधला तेवढा वेळ गेला.

बाकीची तयारी थोडक्यात सांगते. फ्रान्समध्ये पाय ठेवायला इंग्लंडचा व्हिसा चालत नाही, शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा लागतो. तो आम्ही निघण्यापूर्वी मुंबईतूनच काढला होता. बोटीवर रोज एक छापील पत्रक खोलीत येतं, त्यात बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर असतो. बोट चुकली तर पहिला फोन त्याला. ते पत्रक यांनी घडी करून खिशात ठेवलं. नंबर पाठ केला, पण बाकीचं पत्रक वाचलं नाही. गोची तिथेच झाली.

सकाळी हे पाचला उठले. आपण ऐन समुद्रात असो की घरी, हे पाचलाच उठणार. न्याहारी न करता बाहेर पडलो. उतरायच्या जिन्यावर ही गर्दी! मी म्हटलं, "इतक्या पहाटे लोक कसे उठले?" बाहेर नुसतं मळभ. लांबवर एका चर्चचा करड्या सिमेंटचा मनोरा दिसत होता, दीपगृहासारखा उंच. 1944 च्या बाँबफेकीत या गावाचा मधला सगळा भाग भुईसपाट झाला. मग ऑग्युस्त पेरे नावाच्या वास्तुविशारदाने तो काँक्रीटमध्ये नव्याने उभा केला, आणि 2005 पासून तो जागतिक वारसा आहे. मला तेव्हा ते सगळं गोदामांसारखं वाटलं. पोटात चहा नव्हता, हेही कारण असेल.

टॅक्सीने स्टेशन गाठलं. आमची गाडी आठ वाजून काही मिनिटांनी. यांच्या एचएमटीत सात वाजायला पाच कमी. गाडीच्या तासभर आधी स्टेशनात हजर राहणं हा आमच्या घरचा कायदा, तुला काय सांगायचं! मी चहा कुठे मिळतो ते बघायला मान वर केली, तर स्टेशनच्या घड्याळात आठ वाजायला पाच.

क्षणभर आम्ही दोघंही गप्प. मग हे म्हणाले, "बंद पडलं असेल." तेवढ्यात काटा पुढे सरकला. मी पर्समधून फोन काढला, त्यातही सातच. मला धीर आला. मग आठवलं. समुद्रावरच्या नेटवर्कचं बिल भरमसाट येतं म्हणून थोरल्याने फोन फ्लाइट मोडवर टाकून दिला होता. त्याला बिचाऱ्याला आपण फ्रान्समध्ये आलोय हे कळणार कसं? हे खिशातून पत्रक काढून बघतात तर वरच्याच ओळीत लिहिलेलं, आज रात्री घड्याळं एक तास पुढे करा. फ्रान्स इंग्लंडच्या एक तास पुढे असतो.

आम्ही पळालो गं! वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी फलाटावरून पळाले. डब्यात शिरलो, टेकलो, आणि दोन मिनिटांत गाडी हलली. मी काही बोलायच्या आत हे म्हणतात कसे, "म्हणून तासभर आधी यायचं असतं." यांच्या घड्याळाने घालवलेला तास यांच्याच खोडीने भरून काढला, त्यामुळे मला भांडायला जागाच उरली नाही. मग घड्याळाची चावी बाहेर ओढून त्यांनी काटा एक फेरी फिरवला, अगदी हळू, माझ्याकडे पाठ करून.

गाडी दोनमजली, आम्ही वरच्या मजल्यावर. पाच मिनिटांत हे उठून बसले. "अगं, गाडी डाव्या हाताने चाललीय!" फ्रान्समध्ये रस्त्यावर सगळं उजवीकडून, पण रेल्वे डावीकडून, आपल्यासारखीच. हा मार्ग इंग्रज इंजिनिअरांनी बांधला, त्यांनी आपली सवय रुळांवर ठेवली आणि ती तशीच राहिली. पॅरिसहून वाटेतल्या रूआँ शहरापर्यंत 1843 मध्ये आणि पुढे समुद्रापर्यंत 1847 मध्ये. रूआँच्या अलीकडे बारांतां म्हणून एक गाव आहे, तिथे विटांचा सत्तावीस कमानींचा उंच पूल लागतो. त्याचं आदल्या रात्री यांनी वाचून ठेवलं होतं. बांधून झाला आणि जानेवारी 1846 मध्ये, मार्ग सुरू व्हायच्या आधीच, अख्खा कोसळला. कंत्राटदार ब्रासी नावाचा इंग्रज. दोष चुन्याचा की आणखी कशाचा, यावर वाद घालत न बसता त्याने स्वतःच्या पैशाने सहा महिन्यांच्या आत पुन्हा उभा केला. हे मला सांगितलं ते गाडी बरोब्बर त्याच पुलावर असताना. खाली घरांची कौलं, आणि मी खिडकीची कड धरून बसलेली.

रूआँच्या पुढे सीन नदी येते आणि सोबत करते. कधी या हाताला, कधी त्या. मधेच पूल, मधेच बोगदा. गाई, सफरचंदाच्या बागा, पुन्हा गाई. मला डुलकी लागली.

पॅरिसला उतरलो ते सँ-लाझार स्टेशनात. हाताशी चार-साडेचार तास. मला आयफेल टॉवर हवा होता, यांना संग्रहालय नको होतं. भांडण मिटवलं थोरल्याच्या युक्तीने. त्याने ओर्से संग्रहालयाची तिकिटं आधीच काढून दिली होती आणि वडिलांना फक्त एवढंच सांगितलं होतं, "बाबा, ते मूळचं रेल्वे स्टेशन आहे." झालं! मेट्रोच्या बारा नंबरच्या मार्गाने सरळ सोल्फेरिनोला उतरलो. 1900 साली बांधलेलं स्टेशन, पहिल्यापासून विजेच्या गाड्यांसाठी. पुढे गाड्या लांब झाल्या आणि फलाट पुरेनात, म्हणून 1939 मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्या तिथून बंद झाल्या. 1986 पासून तिथे चित्रं. मधल्या दालनात पुतळे मांडलेत, जिथे रूळ होते तिथे. हे पुतळ्यांकडे बघतच नव्हते. भिंतीपासून भिंतीपर्यंत पावलं मोजत होते, किती डबे मावले असतील म्हणून.

आणि मग वरच्या मजल्यावर एका चित्रासमोर जे थांबले ते हलेनात. क्लोद मोनेचं चित्र, 1877 चं. सँ-लाझार स्टेशन! आम्ही सकाळी उतरलो तेच. वर काचेचं तिकोनी छप्पर, मधे काळं इंजिन, आणि सगळीकडे वाफ, निळसर, पांढरी, मागची घरं त्यात विरघळलेली. जवळून बघितलं तर नुसते रंगाचे फटकारे. हे कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "याने वाफ बरोबर काढलीय. छपराखाली कोंडली की अशीच निळी दिसते." मग जरा थांबून, "सिग्नल दिसत नाही पण कुठे."

मला तिथल्या पाटीवरून आणखी एक गंमत कळली. याच माणसाने 1872 मध्ये ल आव्रच्या बंदरातला सूर्योदय काढला आणि त्या चित्राच्या 'इंप्रेशन, सूर्योदय' या नावावरून एका टीकाकाराने चेष्टेने 'इंप्रेशनिस्ट' हा शब्द काढला. म्हणजे आमच्या त्या दिवसाच्या रेल्वेची दोन्ही टोकं या बाबाने रंगवून ठेवलेली! आम्हाला मात्र सूर्य दिसला नाही, मळभ दिसलं.

परत स्टेशनपर्यंत चालतच आलो, दोनेक किलोमीटर. वाटेत काँकॉर्ड चौकातून आयफेल टॉवर दिसला. छोटे, दिसला बरं का. तळहाताएवढा, पण पूर्ण. मी तिथेच कठड्यावर बसून डब्यातलं थालीपीठ खाल्लं, त्याच्याकडे बघत. तासभर बसायची माझी इच्छा होती, यांनी वीस मिनिटं दिली.

सँ-लाझारच्या दारासमोरच्या चौकालाही ल आव्रचंच नाव आहे. तिथे एक विचित्र शिल्प आहे, एकावर एक रचलेल्या घड्याळांचा खांब. आर्मां नावाच्या शिल्पकाराचं, 1985 चं. प्रत्येक घड्याळात वेगळी वेळ! मी काही बोलले नाही, नुसतं बोट दाखवलं. यांनीही काही न बोलता मनगट बाहीत ओढून घेतलं.

फलाटाचा नंबर तिथे गाडीच्या वीसेक मिनिटं आधी फळ्यावर लागतो, तोवर सगळे मान वर करून उभे. तेवढ्या वेळात हे छपराखाली उभं राहून वर बघत होते. तेच तिकोनी छप्पर. वाफ नव्हती, कबुतरं होती.

पावणेतीनच्या सुमारास निघालो. मी फुगलेली, कारण बोट सातला आणि आम्ही भर दुपारी पॅरिस सोडतोय. रूआँच्या बरंच अलीकडे गाडी शेतात थांबली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. फ्रेंचमध्ये घोषणा झाली. समोरच्या कॉलेजच्या पोरीने इंग्रजीत सांगितलं की पुढे रुळावर काहीतरी आलंय. अर्धा तास झाला. आमच्या डब्यात बोटीवरचंच आणखी एक म्हातारं जोडपं होतं. ती बाई उठून उभी राहायची, बसायची, पुन्हा उभी राहायची. माझे हात गार पडले. यांनी शांतपणे पत्रक उलटं केलं, पेन्सिलने आकडे मांडले आणि म्हणाले, "अजून पन्नास मिनिटं थांबली तरी चालेल. हातचा आहे."

एकूण पंचेचाळीस मिनिटं थांबली. साडेपाचनंतर ल आव्रला उतरलो, त्या जोडप्याला टॅक्सीत बरोबर घेतलं आणि सहाच्या आत बोटीवर. मागच्या गाडीचं काय झालं असेल, या विचाराने मी चहा घेऊन वरच्या डेकवर गेले. साडेसहा झाले. पावणेसात झाले. खाली धक्क्यावर दोघंजण पळत येताना दिसले, एकाच्या हातात छत्री, एकीच्या हातात चपला. डेकवरचे लोक टाळ्या वाजवत होते. हे कठड्याला टेकून मनगटाकडे बघत होते, प्लॅटफॉर्मवर बघायचे तसे. ती दोघं जिन्यावर चढली, तेव्हा यांचा उजवा हात आपोआप थोडा वर गेला. झेंडी नव्हती हातात, एवढंच.

आयफेल टॉवरचं एक कार्ड घेतलंय तुझ्यासाठी, या पाकिटातच आहे. आईच्या गुडघ्याला ते तेल चालू ठेव. मुलांना पापा.

तुझी,
ताई

ता. क. हे म्हणतात, पुढच्या वेळी रोमला जाऊ, तिथेही बंदर लांब आहे आणि रेल्वे आहे. मी घड्याळ तपासून सांगते म्हटलं.